चौदा नंबरची शांत लहर

आमच्या घरात कोणाचं डोकं किती मोठं यावर वाद होत नाही. आत्याने ते मोजून ठेवलंय. बाबा अठ्ठावन्न, आई पंचावन्न, मी चौपन्न. पाहुणा आला की बाकीचे त्याला बसा म्हणतात. आत्या दारातूनच त्याच्या कपाळाकडे बघते आणि आत जाऊन आईच्या कानात सांगते, "सत्तावन्न. पण केस दाट आहेत, अठ्ठावन्नची लागेल."

लागेल म्हणजे टोपी. आत्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षं माणसांच्या डोक्यांवर टोप्या चढवते. बाबांचा यावरचा विनोदही आता अकरा वर्षांचा झाला. "जग फुकट टोप्या घालतं, आमच्या ताईला त्याचा पगार मिळतो." आत्या हसत नाही. ती म्हणते, "मीठ दे इकडे."

टोपी पोहायच्या टोपीसारखी घट्ट असते, फक्त कापडी. तिला बत्तीस भोकं, प्रत्येक भोकात एक चकती, प्रत्येक चकतीला एक वायर. डोक्याच्या आतली वीज या चकत्यांना कळते, पण मध्ये केस येतात. म्हणून आत्या बोथट सुईच्या सिरिंजने एकेका भोकातून केस बाजूला सारते आणि थेंबभर जेल सोडते. पडद्यावर बत्तीस दिवे दिसतात. लाल म्हणजे काही लागत नाहीये, पिवळा म्हणजे चालवून घ्या, हिरवा म्हणजे सुरू करा. सगळे हिरवे करायला मोठ्या माणसाला वीस मिनिटं लागतात आणि लहान मुलाला चाळीस, कारण एकोणतिसाव्या दिव्याला त्याला नाक खाजवायचं असतं. मग प्रयोग. मग टोपी काढून मुलाचं डोकं बेसिनमध्ये कोमट पाण्याने धुवायचं, पुसायचं, वाळवायचं, आणि टोपीची बत्तीस भोकं दात घासायच्या ब्रशने घासायची. दिवसाला अशी सहा डोकी.

संध्याकाळी घरी आली की ती दाराजवळच्या स्टुलावर बसते. चपला पायातच. पाच मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला न लिहिलेला कायदा आहे. तिच्या बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी कायम सुरकुतलेली, आणि त्यांना जेलचा खारट, थंड वास. पाच मिनिटांनी ती स्वतःच्या गुडघ्यांना म्हणते, "चला, उठा." गुडघे ऐकतात, पण तोंड वाकडं करून.

या कामात ती कशी आली, तर कोणाच्या तरी रजेवर. "तीन महिन्यांसाठी आले होते," हे वाक्य ती नेहमी असं म्हणते, जणू आत्ताच पिशवी उचलून निघणार आहे. रजेवरची बाई परत आली नाही. मग एक वर्षाची मुदतवाढ, मग आणखी एक. दर वर्षी एक पत्र येतं, त्यात तिचं आडनाव दर वर्षी चुकलेलं असतं, आणि ती ते दुरुस्त करून घ्यायला तीन मजले चढते. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. संस्था एक जागा कायमची भरणार होती. आत्याच्या साहेबांनी तिचं नाव लिहिलंही होतं. अट एकच, मुलांच्या गणितावरचा अभ्यास नीट पार पडायला हवा.

हे साहेब म्हणजे सरासरी सर. हे नाव मी ठेवलंय. ते नाकातून, हळू आणि प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलतात, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच असतं. चहा कडू झालाय? "एका कपावरून काय कळणार, सरासरी बघा." पायाला मुंग्या चावल्या? "किती मुंग्या, किती वेळा?" हे मी घरी म्हणून दाखवलं तेव्हा आईला ठसका लागला. आत्याने मात्र नुसतं बघितलं आणि म्हणाली, "मुंग्यांचं ते नाही म्हणाले." नंतर जरा थांबून, "पण म्हणाले असते."

अभ्यास असा होता. आठ वर्षांची छत्तीस मुलं. त्यांना हातच्याची वजाबाकी जड जात होती. शाळेत त्यांचा रोज जादा तास चालू होता, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाने प्रयोगशाळेत येऊन टोपी घालायची. समोर पडद्यावर त्रेसष्ट वजा अठ्ठावीस, खाली दोन उत्तरं. बरोबर वाटेल त्या बाजूचं बटण दाबायचं, डावं किंवा उजवं. असे एकशेवीस प्रश्न. असे सहा आठवडे.

"डोकं जोर लावतं ना," आत्याने मला तर्जनीने कपाळाच्या वर मध्यभागी टोचून सांगितलं होतं, "तेव्हा इथली एक संथ लहर उंच होते. सवय झाली की तीच लहर खाली बसते. सायकलसारखं. पहिल्या दिवशी घाम, महिन्याने शिट्टी."

"म्हणजे मूल शिकलं की नाही ते आतून दिसतं?"

"सर तसं म्हणतात."

सर म्हणायचे (नाकातून), "लहर खाली, म्हणजे शिकणं वर."

आणि तसंच झालं. पहिले दोन आठवडे लहरी उंच. तिसऱ्या आठवड्यापासून पायऱ्या उतरल्यासारख्या खाली. बरोबर उत्तरंही वाढली. सर इतके खूश की त्यांनी स्वतः आत्यासाठी चहा आणला. तो कडू होता. सगळ्यांत सुंदर लहर होती चौदा नंबरची. मुलांची नावं कागदावर लिहीत नाहीत, नुसते नंबर. चौदा नंबर म्हणजे दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी, डोकं बावन्न. पहिल्या आठवड्यात तिची लहर सगळ्यांत उंच आणि सहाव्यात सगळ्यांत सपाट. मोठ्या बैठकीत दाखवायला सरांनी तिचंच चित्र निवडलं. आणि जी मुलं 'शिकली' त्यांची यादी शाळेला जाणार होती. सोमवारपासून त्यांचा जादा तास बंद आणि भागाकार सुरू. यादीत पहिली चौदा.

बैठक शुक्रवारी. बुधवारी एका वायरने दगा दिला. ती बदलल्यावर यंत्र तपासायला एक डोकं हवं होतं. मला शाळेला सुट्टी होती आणि माझं डोकं, आत्याच्या भाषेत, "फुकटचं चौपन्न."

खोली छोटी. भिंती राखाडी, खुर्ची एक, पडदा एक. मधल्या काचेपलीकडे आत्याची बसायची जागा. सुईचं टोक टाळूवर फिरतं तेव्हा गुदगुल्या होतात आणि हसलं की सगळे दिवे लाल होतात. "दात आवळू नको. भुवया खाली. रेडिओ बंद," आत्या म्हणत होती. रेडिओ म्हणजे मी. तिने मला मोठ्यांची गणितं लावून दिली, दोन आकडी गुणिले दोन आकडी, खाली दोन उत्तरं. दार लावून ती काचेमागे गेली.

पहिली वीस मी इमानदारीत केली. सत्तेचाळीस गुणिले अडतीस मनात करून बघा, म्हणजे कळेल. एकविसाव्याला माझ्या डोक्याने राजीनामा दिला. मी टेकून बसले आणि डावं बटण दाबत सुटले. डावं, डावं, डावं. छान वाटत होतं.

आत्या आत आली ती सिरिंज न घेता.

"सोडून दिलंस ना?"

"लहरीवरून कळलं?"

"लहर बसली तुझी. एकदम शांत. बघ." तिने पडदा माझ्याकडे वळवला. सुरुवातीला डोंगर, मग मैदान. "पण त्यावरून नाही कळलं. तू मागे टेकलीस, त्यावरून कळलं. किती बरोबर आले माहितीये? एकशेवीसपैकी सदुसष्ट."

"नुसतं डावं दाबून?"

"दोनच उत्तरं असतात. निम्मी येणारच."

"मग मी हुशार," मी म्हणाले. "आणि तूच तर शिकवलंस." आणि मी तिच्या आवाजात, मान जराशी कलती करून, वाक्य शेवटी थकून खाली बसतं तसं बसवत म्हटलं, "येत नसेल तर काहीतरी दाब राणी, रिकामं सोडू नको, म्हणजे लवकर सुटशील."

मला वाटलं ती म्हणेल, पुरे. पण ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा ते तेवढं गमतीचं वाटलं नाही.

"हे तू कुठे ऐकलंस?"

"मागच्या महिन्यात तुझा डबा द्यायला आले होते तेव्हा. त्या वेण्यांवाल्या मुलीला सांगत होतीस."

आत्याने माझी टोपी काढली नाही. तशीच वायरींसकट मला बसवून तिने कपाटातून वही आणली. ही वही तिची स्वतःची, कोणी मागितलेली नाही. यंत्र जे लिहीत नाही ते ती त्यात लिहिते. अकरा वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. चौदा नंबर, पहिला आठवडा: 'जीभ बाहेर. खांदे कानाला. टेबलाखाली बोटं मोजते.' दुसरा: 'बोटं. फार वेळ घेते. जेल दोनदा वाळलं. रडली.' चौथा: 'आज बोटं नाहीत. खांदे खाली. भिंतीकडे बघत होती. पटकन संपलं, बरं झालं.'

'बरं झालं' वर तिने बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं.

मुलांना सांगायचं वाक्य छापील होतं: येत नसेल तर थांबा, प्रश्न आपोआप पुढे जाईल. आपोआप म्हणजे पंधरा सेकंदांनी. एकेक मूल अशा पन्नास प्रश्नांवर पंधरा पंधरा सेकंद अडून बसायचं. तेवढ्यात जेल वाळायचं, दिवे लाल व्हायचे, परत सुई, परत रडणं, आणि बाहेर पुढचं मूल आईच्या मांडीवर पेंगायला लागलेलं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आत्याने आपलं एक वाक्य जोडलं. सगळ्यांसाठी. आणि लहर खाली यायला लागली तीही तिसऱ्या आठवड्यापासून.

"सर फक्त बरोबर उत्तरांच्या वेळची लहर मोजतात," ती हळू म्हणाली. "अंदाजाने बरोबर आलेलं त्यात येतंच. उत्तरं वाढली, लहर बसली. शिकल्यासारखंच दिसतं ते. हुबेहूब."

"म्हणजे कोणीच शिकलं नाही?"

"काही शिकली असतील. कोण शिकलं आणि कोण टेकून बसलं, ते आता कळत नाही. मीच कालवलं ते." मग तिला आठवलं. "चल, डोकं धुऊ तुझं."

त्या दिवशी ती स्टुलावर पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं बसली. जेवताना तिने सगळं सांगितलं. बाबा आधी ऐकत होते, मग त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ताई, तुला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं नाही म्हणून सांगायचं."

"अगं शुक्रवारी बैठक आहे. तुझं पत्र त्यानंतर आहे. पत्र हातात पडू दे, मग सांग. चार दिवसांनी काय बिघडणार आहे?"

"सोमवारी भागाकार," आत्या म्हणाली.

"कोणाला?"

"ज्या पोरीला वजाबाकी येत नाही तिला."

गप्प बसणं बाबांना जमत नाही. "पुढच्या वर्षी परत आडनाव दुरुस्त करायला तीन मजले चढशील. गुडघे बघ तुझे."

"मग चौथ्या मजल्यावर चूक दुरुस्त करतात का बघते. तिथे लिफ्ट जाते म्हणे," आत्या म्हणाली. आई हसली. बाबा हसले नाहीत. आत्याही हसत नव्हती. ती आमटीत चमचा फिरवत होती आणि तिचं जेवण तसंच होतं. मला एकदम कळलं की तिला हवी आहे ती जागा. आजवर तिने कधी तसं म्हटलं नव्हतं. तीन महिन्यांसाठी आले होते, असंच म्हणायची.

"मी शाळेत असताना," ती कोणाकडे न बघता म्हणाली, "बाई विचारायच्या, समजलं का. सगळी हो म्हणायची. मीही म्हणायचे. हो म्हटलं की बाई पुढच्या बाकाकडे जायच्या. फार हलकं वाटायचं. आठवीपर्यंत हलकंच वाटत होतं."

गुरुवारी ती लवकर निघाली. मी तिच्यासोबत गेले. मला तिथे काही काम नव्हतं, आणि तिनेही तू कशाला, असं विचारलं नाही. सरांच्या खोलीचं दार उघडंच असतं. मी बाहेर बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सर, चौदा नंबरचं चित्र दाखवू नका."

"का बरं? सगळ्यांत स्वच्छ सिग्नल आहे. तुमचीच करामत आहे ती, बाई."

"ती शिकलेली नाही. ती टेकून बसलीये." आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज.

"बाई, एक मूल म्हणजे गोष्ट. छत्तीस मुलं म्हणजे पुरावा. सरासरी—"

"छत्तीसही मुलांना मीच सांगितलं, सर. काहीतरी दाबा म्हणून."

आत्याचा हा आवाज मी घरी कधी काढून दाखवलेला नाही, कारण त्यात नक्कल करण्यासारखं काही नव्हतंच. खुर्ची करकरली.

"केव्हापासून?" सरांनी विचारलं. पहिल्यांदाच नाकातून नाही.

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"छापील सूचना होती ना?"

"होती."

"मग का?"

"मुलं दमत होती," आत्या म्हणाली. "मीही."

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं आत्या नंतर म्हणाली. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मोजायला लागले. चार आठवडे, छत्तीस मुलं, एकशे चव्वेचाळीस डोकी. इतक्या वेळा तिने केस बाजूला सारले होते, जेल भरलं होतं, धुऊन वाळवलं होतं, आणि ते सगळं आता कचऱ्यात. सर म्हणाले, "परत करावं लागेल." मग म्हणाले, "कायमच्या जागेचं मला यंदा बोलता येणार नाही, बाई. वर विचारतील."

"माहितीये सर. यादी मात्र शाळेला पाठवू नका."

"नाही पाठवत." आणि मग, "ती वही जरा ठेवून जाता का?"

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती, वही नव्हती. "चल," एवढंच म्हणाली. जिन्यावर मध्येच थांबून म्हणाली, "अकरा वर्षांनी कोणीतरी वाचणार, आणि अक्षर माझं घाणेरडं."

पत्र पुढच्या आठवड्यात आलं. मुदतवाढ, तीन महिने. बाबा ते बराच वेळ वाचत राहिले, जणू खाली बारीक अक्षरांत आणखी काही असेल. टोपीचा विनोद त्यांनी केला नाही. त्यांनी तो केला असता तरी चाललं असतं, असं मला वाटलं. आडनाव यावेळी बरोबर होतं.

नव्या फेरीसाठी सरांनी एक बदल केला. सूचना आत्याने द्यायची नाही, ध्वनिमुद्रित लावायची, म्हणजे कोणाला काही जोडता येणार नाही. आवाज कोणाचा, तर माझा. "कोणाचीही नक्कल न करता," आत्याने बजावलं. सहा वेळा करावं लागलं. पहिल्यांदा मी बातम्या देत होते, दुसऱ्यांदा आमच्या मुख्याध्यापिका झाले होते, तिसऱ्यांदा नकळत सरासरी सर आले. नुसतं आपल्यासारखं बोलणं फार कटकटीचं असतं. सहाव्यांदा मी इतकी कंटाळले की ते नीट झालं.

पहिली आली चौदा नंबर. दोन वेण्या आत्याने सोडवल्या, टोपी चढवली, चाळीस मिनिटांनी बत्तीस हिरवे झाले. दार लागलं. आत माझा आवाज म्हणाला, येत नसेल तर थांबा, प्रश्न आपोआप पुढे जाईल.

मुलीने पहिली दोन केली. तिसऱ्याला अडली. तिने मान वळवून काचेकडे पाहिलं. "मावशी, काहीतरी दाबू?"

आत्याचा हात बोलायच्या बटणापाशी गेला आणि मांडीवर परत आला. आत नुसतं भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. पंधरा सेकंद म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं. प्रश्न पुढे गेला. पुढच्यालाही तेच. मुलगी खुर्चीत मागे सरकली, टेकणार इतक्यात थांबली, कारण टेकून काही संपत नव्हतं. ती पुढे झाली. खांदे वर गेले. पडद्यावरची संथ लहर आधी जराशी, मग चांगली उंच झाली, आणि बराच वेळ वरच राहिली. पंधरावा सेकंद भरायच्या आत तिने उजवं दाबलं. बरोबर होतं.

आणखी काही प्रश्नांनी चकती नंबर नऊ पिवळी झाली. मग लाल. आत्याने सिरिंज भरून तयार ठेवली, पण उठली नाही. ती नव्या वहीत लिहीत होती. मी डोकावून बघितलं.

'१४: बोटं परत आली.'

तिने पेन ठेवलं, चपलांतून पाय बाहेर काढले आणि टाचा एकमेकींवर घासल्या. बाहेर पुढचं मूल आईला विचारत होतं, किती वेळ.

"अजून एकशे सात प्रश्न आहेत," आत्या म्हणाली, आणि आम्ही बसलो.